कालव्यातला सुतार

सुतार हे माशाचं नाव. माणसाचं नाव जिनशुई, आणि तो बीयूनचा नवरा. पण घरात कोणाचा आवाज जास्त असतो असं कोणी विचारलं असतं, तर बीयूनने बेलाशक माशाकडे बोट दाखवलं असतं. जिनशुई लांबच्या समुद्रावर कुपा मासे धरणाऱ्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. गेला की दोन-दोन वर्षं घराचं तोंड नाही. सुतार मात्र चौदा वर्षं पुढच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत तळाशी पडून लाकूड तासत होता. खर्र, खर्र. दिवेलागणीला सुरू व्हायचा तो भाताचं भांडं उतरेपर्यंत. नव्या पाहुण्याला वाटायचं, भिंतीला घूस लागली.

तो आला तेव्हा अंगठ्याएवढा होता. राखाडी अंगावर काळ्या रेघा, लाल डोळे आणि पोटाखाली वाटीसारखं तोंड. बोटीवर जायच्या आदल्या दिवशी जिनशुईने त्याला सेनफाच्या दुकानातून पिशवीत घालून आणला आणि म्हणाला, "हा काचेवरचं शेवाळ खातो, तळाचा गाळ खातो, उरलंसुरलं खातो. तुला काही बघायला नको."

दोंगगांग बंदरातल्या अर्ध्या घरांची हीच समजूत. तिथल्या बोलीत या जातीच्या माशांना कचरामासेच म्हणतात. टाकी घेतली की त्यात एक टाकायचा आणि विसरायचं. बीयूनही विसरली. सव्वा महिन्याने काच पुसताना तिने त्याला खालून पाहिलं, तर पोट पाठीला लागलेलं, डोळे खोल गेलेले. ती त्याला डब्यात घालून सेनफाकडे गेली.

सेनफा दुकानाच्या दारात नुसत्या बनियनात बसून नूडल्स खात होता. त्याने डब्यात डोकावून विचारलं, "वहिनी, याला घालता काय?"

"काही नाही. तो कचरा खातो ना."

"तुमच्या घरात कचरा किती?"

"माझं घर स्वच्छ असतं," बीयून फणकारली.

"मग उपाशीच मरणार की तो." सेनफाने काड्या खाली ठेवल्या. "सगळ्यांच्या मागून जेवतो, म्हणून त्याला भूक नसते असं वाटतं लोकांना. याला भाजी लागते. आणि लाकूड लागतं. हा लाकूड खाणारा आहे."

सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्यांबद्दल तिलाही थोडीफार माहिती होती.

त्या दिवसापासून ती त्याला वाढू लागली. काकडीची जाड चकती, नाहीतर रताळं, अर्धंकच्चं उकडून. भाजी पाण्यावर तरंगते आणि सुतार तर तळाचा प्राणी. म्हणून चकती सुपाच्या जुन्या चमच्याला दोऱ्याने बांधून बुडवायची. घालायची दिवा मालवल्यावरच, कारण उजेडात तो लाजतो. उरलेलं सकाळी काढायचं, नाहीतर पाणी नासतं. पुराच्या वेळी किनाऱ्याला लागणारी मुळं, ओंडके ती उचलून आणायची, उकळायची, पंधरा दिवस भिजत ठेवायची आणि मग टाकीत घालायची. एक ओंडका त्याला वर्षभर पुरायचा. सुतार हे नाव जिनशुईने पुढच्या खेपेला ठेवलं. म्हणाला, "बरं झालं. घरात पुरुषमाणसाचा काहीतरी आवाज हवा."

बोटीवरून महिन्यातून एकदा उपग्रहाच्या फोनवर तीन मिनिटं मिळायची. मागे दहा खलाशी रांगेत उभे.

"सुतार जेवला?"

"जेवला."

"काय?"

"रताळं. काकडीला तोंड लावलं नाही."

"आणि आई?"

"आईंनीही काकडीला तोंड लावलं नाही."

तो तिकडे हसायचा. मग विचारायचा, "तू बरी आहेस ना?" ती म्हणायची, "बरी." फोन बंद. त्यानंतरही थोडा वेळ बीयून फोन कानाला लावून बसायची. मेल्या फोनमध्येही एक घरघर असते, ती ऐकत.

ती "ये" कधी म्हणत नसे. याला कारण होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, "जाऊ नकोस." आणि तो खरंच गेला नव्हता. आठ महिने त्याने बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काढले. रोज संध्याकाळी तो धक्क्याच्या टोकाला जाऊन उभा राहायचा, घरी येऊन मान खाली घालून जेवायचा. बोलणं बंद. सासूबाई ताटावरून म्हणाल्या, "वाघ आणून गोठ्यात बांधलास गं तू." दुसऱ्या दिवशी बीयूनने स्वतःच्या हाताने त्याची पिशवी भरली. तेव्हापासून तिचा पण होता, मागायचं नाही. आला तर आपला, गेला तर समुद्राचा. सव्वीस वर्षं तो पण तिने पाळला, आणि न वापरलेल्या कुलपासारखा 'ये' हा शब्द तिच्या तोंडात गंजून बसला.

यंदा मात्र जीव टांगणीला लागला होता. सातव्या महिन्याच्या अखेरीस बोट पोर्ट लुईच्या बंदराला लागणार होती. जिनशुईचं कंत्राट तिथे संपणार. तिथून विमानात बसायचं, नाहीतर तिथेच नव्या कागदावर सही करायची. गेल्या फोनला त्याने विचारलं होतं, "छप्पन्न झाले मला. काय करू? तू सांग."

तीन मिनिटांतली वीस सेकंदं उरली होती. बीयूनच्या ओठांपर्यंत आलं आणि परत गेलं. ती म्हणाली, "तुला पटेल ते कर."

"बरं," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "सुताराला बघायचंय एकदा. केवढा झालाय?"

"हातभर."

"अरे वा," असं म्हणेपर्यंत फोन तुटला.

त्या एका वाक्यावर बीयून महिनाभर जगली. सुताराला बघायला येईल. माझ्यासाठी नाही आला तरी चालेल, पण येईल. नवऱ्याला घरी ओढणारी एकच दोरी तिच्या लेखी शिल्लक होती, आणि त्या दोरीचं दुसरं टोक सुताराच्या तोंडात होतं. तिने त्याला इतकं खाऊ घातलं की सेनफा म्हणाला, "वहिनी, मासा आहे तो. सणासाठी पोसलेलं डुक्कर नाही."

आणि मग, बोट लागायला नऊ दिवस राहिले असताना, ती कामावरून घरी आली तर घर गप्प होतं.

ती बाजारात माशाचे गोळे उकडून विकणाऱ्या दुकानात कामाला होती. दुपारी तीनला सुटायची. तीन वाजता सुतार झोपलेलाच असायचा, त्यामुळे शांततेचं तिला काही वाटलं नाही. पण पायाखाली ओलं लागलं. टाकीतलं पाणी चार बोटं उतरलेलं, ओंडका आडवा पडलेला. आणि सासूबाई खुर्चीत बसून कलिंगडाच्या बिया फोडत होत्या. दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या.

सासूबाईंचं नाव बाँगची. मुलगी झाली म्हणून आईबापांनी नाराजीने ठेवलेलं नाव. अर्थ साधारण 'झालीच आहे तर पोसू' असा. पोसलेली ती मुलगी आता चौऱ्याऐंशी वर्षांची होती आणि गावातल्या निम्म्या लोकांना पुरून उरली होती.

"आई, सुतार कुठाय?"

"सोडला."

"कुठे सोडला?"

"पाण्यात. मासे कुठे सोडतात? झाडावर?"

बीयून ओल्या फरशीवरच बसली. सातव्या महिन्यात देवळातल्या बायका ट्रक करून जातात आणि पुण्यासाठी मासे, शिंपले पाण्यात सोडतात, हे तिला ठाऊक होतं. दरवर्षी सासूबाई पिशवीभर शिंपले विकत घेऊन जायच्या.

"शिंपले न्यायचे ना, नेहमीसारखे!"

"विकतचं कसलं पुण्य?" सासूबाईंनी बी थुंकली. "दुकानदार सकाळी पकडतो, आपण दुपारी सोडतो, संध्याकाळी तोच परत पकडतो. पुण्य सगळं त्याच्या खात्यात. द्यायचं तर घरातलं द्यावं. दुखलं पाहिजे."

"दुखायलाच हवं होतं तर हातातली बांगडी टाकायची!"

"बांगडी जिवंत आहे का?" मग त्यांचा आवाज खाली आला. "चौदा वर्षं तो काचेत. माझा पोरगा लोखंडाच्या डब्यात. मी देवीला, माझू आईला म्हटलं, बये, पाण्याचा एक मी पाण्याला परत करते. माझा एक तू मला परत कर. सगळ्या बायकांसमोर म्हटलं, मोठ्याने. काटे किती आहेत गं त्याच्या अंगाला! दोन्ही हात सोलले. ओल्या टॉवेलात बाळासारखा धरून नेला मी त्याला."

बीयूनला भांडायचं होतं. तोंड उघडलंही. पण म्हातारीने जे मागितलं तेच तिला हवं होतं, आणि म्हातारीने ते चारचौघांत, ट्रकभर बायकांसमोर, देवीच्या तोंडावर मागून टाकलं होतं. सव्वीस वर्षांत जे आपल्याला जमलं नाही ते. रागापेक्षा तिला हेवाच वाटला, आणि हेवा वाटला म्हणून जास्त राग आला.

"आता त्याचा फोन येईल," ती म्हणाली. "सुतार कुठाय विचारेल. काय सांगू?"

"झोपलाय म्हणून सांग. मासा दिवसा झोपतोच."

"आणि मग तो कशासाठी येईल, आई?"

सासूबाईंच्या हातातली बी हातातच राहिली. हा हिशेब त्यांनी केला नव्हता.

तासाभरात सेनफाच्या दुकानासमोर एक स्कूटर थांबली. पुढे बीयून, मागे छत्री धरलेल्या सासूबाई. सेनफाने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"कालव्यात? पुलापाशी? वहिनी, त्या कालव्यात कचरामासे हजारोंनी आहेत. टाकीत मावेनासा झाला की सगळं गाव तिथेच नेऊन ओततं. तिथे पाटीसुद्धा लावलीय, मासे सोडू नका म्हणून."

"मला वाचता येत नाही," सासूबाई म्हणाल्या.

"ट्रकभर बायकांत कोणालाच येत नव्हतं?"

"येत होतं. पण त्या डोळे मिटून मंत्र म्हणत होत्या."

सेनफाने हात टेकले. मग आत जाऊन जाड पाइपाचा हातभर लांब तुकडा घेऊन आला. एका टोकाला झाकण बसवलं, मधोमध दोरी बांधली. "हे मासे दिवसा बिळात झोपतात. पाइप तळाशी सोडा, दुपारी वर ओढा. जो झोपला असेल तो येईल. आणि टाकीतला ओंडका शेजारी बुडवा. बाकीचे सगळे शेवाळखाऊ. लाकडावर जगणारा तुमचाच एक. घरचं लाकूड ओळखेल बिचारा."

तशी ती शोधमोहीम सुरू झाली. रोज तीनला काम सुटलं की बीयून घरी येई, तर सासूबाई टोपी घालून, घडीचं स्टूल काखेत मारून दारात तयार. पहिल्या दिवशी तिने सांगून पाहिलं, "तुम्ही कशाला? ऊन आहे." सासूबाई म्हणाल्या, "सोडला कोणी?" आणि मागे चढून बसल्या.

कालव्याचं पाणी चहासारखं. पुलाखाली एक म्हातारा गळ टाकून बसलेला असायचा. त्याला खायचे मासे हवे असत आणि गळाला लागायचे कचरामासे. ते तो शिव्या घालून काठावर फेकायचा. या दोघींना काकडी आणि पाइप घेऊन येताना पाहून तो खोखो हसला.

"हरवला? यातला एक? अहो, मी देतो ना! किती हवेत? पाच, दहा?"

"आमच्या माशाचे डोळे लाल आहेत," बीयून म्हणाली.

"ताई, दोन तास या पाण्यात राहिलं की माझेही होतात."

पहिल्या दिवशी पाइपमधून दोन मासे निघाले. तपकिरी, ठिपक्यांचे, शिडासारख्या पराचे. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी एवढा मोठा निघाला की बीयूनला तोच वाटला, पण डोळे काळे होते. सगळे सुताराचे चुलतभाऊ, सुतार कोणीच नाही. ती एकेकाला उलटा करून पोट बघायची. सगळ्यांची पोटं भरलेली. सवयीने तिला बरं वाटायचं, आणि मग बरं वाटलं याचाच राग यायचा.

घरी संध्याकाळी ती रिकाम्या टाकीचा दिवा मालवायची. हात आपोआप जायचा. मग भात शिजेपर्यंत दोघी बसायच्या आणि कोणी काही तासत नसायचं. एकदा सासूबाई म्हणाल्या, "फार गप्प आहे गं घर." बीयून म्हणाली, "तो येण्याआधी असंच होतं." आणि बोलल्यावर तिला कळलं, की 'तो' म्हणजे कोण, हे तिचं तिलाही नक्की माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी काठावर बसल्या बसल्या तिने विचारलं, "आई, मामंजी समुद्रावर असताना तुम्ही वाट कशी बघायचात?"

"समुद्रावर? तो?" सासूबाई इतक्या हसल्या की स्टूल डुगडुगलं. "त्याला होडीत बसवलं की ओकायचा. जन्मभर घरी होता. पहाटे घरी, दुपारी घरी, पिऊन घरी. मी देवीला नवस बोलायचे, की बये, कोणीतरी याला बोटीवर घे गं."

बीयूनही हसली. मग सासूबाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "वाट बघणं मला ठाऊकच नव्हतं. तुझं बघून शिकले. तू चमच्याला काकडी बांधायचीस ना, ते बघून. मला वाटायचं, माशाला एवढं कोणी करतं का? मग कळलं, ही माशाला करतच नाहीये."

बीयूनने दोरीला उगाच एक जास्तीची गाठ मारली. गोठ्यातल्या वाघाचं बोलणं ज्या तोंडातून आलं होतं त्याच तोंडातून आज हे आलं, आणि दोन्ही तिने सारखंच निमूट गिळलं.

सातव्या दिवशी ओंडका वर ओढला, तर त्याच्या एका अंगाला पांढऱ्या खाचा होत्या. ताज्या. छोट्या चमच्याने कोरून काढावं तशा, एकाशेजारी एक. बीयून तो ओंडका स्कूटरवर घालून थेट सेनफाच्या दुकानात गेली. सेनफाने चष्मा लावून खाचांवरून बोट फिरवलं.

"त्याचेच दात. दुसऱ्या कोणाचे असे नसतात. वहिनी, जिवंत आहे पठ्ठ्या. जेवतोयसुद्धा."

परत येताना बीयूनच्या डोळ्यांना धारा लागल्या. सासूबाईंनी मागून विचारलं, "आता का रडतेस? जिवंत आहे ना?" सुतार होता. घरच्या लाकडापाशी येत होता, चार घास खात होता आणि आपल्या वाटेने जात होता. पाइपात काही शिरत नव्हता. तिच्या काकडीवाचून त्याचं अडलं नव्हतं. आणि त्याच्यावाचून तिचं किती अडलंय, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. माशाला सांगून उपयोग नसतो, ती मनात म्हणाली. आणि मग पुढचा सगळा रस्ता तिला वाटत राहिलं, की माशाला नसतो, बरोबर, पण माणसाला?

नवव्या दिवशी, तीन वाजून गेले होते, दोघी काठावर होत्या, आणि फोन वाजला. बंदरातून असल्यामुळे या वेळी चेहराही दिसत होता. जिनशुई एका भिंतीला टेकून उभा होता. मागे ऊन. दाढी पांढरी झाली होती. दोन वर्षांपूर्वी गेला तेव्हा ती मीठमिऱ्यासारखी होती. आता नुसतंच मीठ.

"लागलो बंदराला," तो म्हणाला. "तू कुठेस? ते मागे काय आहे? सुतार काय म्हणतो?"

सासूबाई शेजारून कुजबुजल्या, "झोपलाय म्हण. झोपलाय म्हण."

"सुतार नाहीये," बीयून म्हणाली.

"म्हणजे?"

"कालव्यात आहे. आईंनी सोडला. तू परत यावास म्हणून देवीला सोडला. आम्ही नऊ दिवस शोधतोय. जिवंत आहे, पण येत नाही." तिने एक श्वास घेतला. पुढचं वाक्य अवघड होतं. ते बाहेर काढताना आतून काहीतरी खरवडून निघालं. "आता घरी तुला बघायला काही नाही, जिनशुई. मीच आहे. तू ये."

फोन अडकलाय असं वाटून तिने तो हलवला. पण त्याच्या मागून एक माणूस पिशवी घेऊन चालत गेला, म्हणजे चित्र चालू होतं.

"बीयून," तो शेवटी म्हणाला, "आज सकाळीच सही केली मी."

पुलाखालच्या म्हाताऱ्याने एक कचरामासा काठावर फेकला. तो चिखलात चटचट वाजत राहिला.

"किती?"

"अठरा महिने. एजंट कागद घेऊन धक्क्यावरच उभा होता. म्हणाला, घरचं कोणी बोलावतंय का? मी म्हटलं..." त्याने टोपी काढली आणि परत घातली. "तू कधी म्हणालीच नाहीस गं. मला वाटलं, तुला सवय झालीय. मी आलो की तुझ्या वाटेत येतो. बर्फाच्या कारखान्याच्या वर्षी मी कसा वागलो ते तू विसरली नसशील. मला वाटलं, हिला नकोच असेल तसला माणूस परत."

बीयूनच्या तोंडात "बरं" तयार होतं. सव्वीस वर्षांच्या सवयीचं, गुळगुळीत झालेलं. तिने ते दातांखाली धरलं.

"बरं नाही," ती म्हणाली. "अठरा महिने हे काही बरं नाही. सही केलीस, आता जा. पण ऐकून जा. मी वाट बघते. आधीही बघत होते. फोन बंद झाल्यावरही कानाला लावून बसते. तुला सांगितलं नव्हतं."

जिनशुईने तोंड बाजूला वळवलं. आता नुसता कान दिसत होता, उन्हाने काळा पडलेला, आणि मानेची हलणारी शीर.

"परत म्हण," कान म्हणाला.

"काय?"

"मघाचं. यायचं."

"ये."

"अजून एकदा."

"लाज नाही वाटत? इथे लोक आहेत. गळ टाकून बसलेत." आणि मग ती म्हणाली, "ये."

एवढ्यात सासूबाईंनी फोन हिसकावला आणि तोंडाच्या इतका जवळ नेला की तिकडे त्यांची एक नाकपुडीच दिसली असेल. "जिनशुई! मीच सोडला! तिला काही बोलायचं नाही! बोलायचं तर मला बोल!"

"आई, हात दाखव. काटे लागले असतील ना? तो फार काटेरी आहे."

सासूबाईंनी हात दाखवला. खपल्या धरल्या होत्या. मग त्या त्याला दटावू लागल्या: कागद फाडून टाक, एजंटाला माझं नाव सांग. तो हसत होता, रडत होता, "आई, तसं नसतं गं" म्हणत होता. मागे कोणीतरी त्याला हाक मारली. "सामान चढवायचंय," तो म्हणाला. "पुढल्या महिन्याला करतो. बीयून आहे का तिथे?"

"आहे. कुठे जाणार?"

"तिला म्हणाव..." आणि फोन तुटला. सासूबाई फोन उलटासुलटा करून बघत राहिल्या, जणू उरलेलं वाक्य मागच्या बाजूने पडेल.

त्या दिवशी बीयूनने पाइप वर काढला, धुतला आणि स्कूटरच्या पायाशी ठेवला. ओंडका मात्र पाण्यातच राहू दिला. दोरी सोडून काठावर गुंडाळून ठेवली. गळवाल्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय ताई, संपलं शोधणं?" ती म्हणाली, "शोधणं संपलं. रविवारी रताळं घेऊन येईन."

रस्त्याला लागल्यावर बराच वेळ सासूबाई गप्प होत्या. त्या गप्प असल्या की बीयूनला धाकधूक व्हायची. मागे माणूस आहे की पडलं, कळायचं नाही. भाताच्या खाचरांमधून वारा येत होता. वळणावर त्या म्हणाल्या, "अठरा महिने."

"हं."

"मला पंच्याऐंशी लागेल. सरेलसुद्धा." वाऱ्यात त्यांचा आवाज अगदी बारीक आला. "मी असेन का गं तोवर?"

नेहमीची बीयून म्हणाली असती, तुम्हाला कोण नेतंय. तेही जिभेवर आलंच होतं. तिने स्कूटर कडेला घेतली, पाय टेकला आणि मान वळवून म्हातारीकडे पाहिलं. टोपी एका कानावर घसरलेली, मांडीवर घडीचं स्टूल, चेहरा लहान मुलीएवढा झालेला.

"असायचंच," बीयून म्हणाली. "मी सांगतेय ना. मला एकटीला नाही जमायचं, आई. राहा."